केबिनच्या छताचा झोळ

बोटीच्या छताचं काम मी सहसा अंगावर घेत नाही. सोफा असो की गाडीची सीट, काम आपल्या पुढ्यात असतं. मांडी घालून, चहा पीत, रेडिओ ऐकत करता येतं. छताचं काम डोक्यावर असतं. मान अवघडते, हात भरून येतात आणि अस्तरामागचा जुना फोम सडून त्याचा जो तपकिरी भुगा होतो तो डोळ्यांत, नाकात, शर्टाच्या आत, जिथे म्हणून जाता येईल तिथे जातो. मागे असं एक काम करून घरी गेलो, तर बायकोने मला दारातच उभं करून केरसुणीने झाडलं. वर म्हणाली, लोकांची छतं ताणून देता, आपल्या सोफ्याची स्प्रिंग मला वर्षभर टोचतेय तिच्याकडे कधी बघणार? ती स्प्रिंग अजून तशीच आहे.

तेव्हा ही बोटवाली बाई दुकानात आली त्या दिवशी मी नाहीच म्हणणार होतो. ती एका दातांच्या दवाखान्यात काम करायची. दुपारच्या सुट्टीत तशीच आली होती, अंगात दवाखान्याचा फिका निळा कोट. तिने फोनवर फोटो दाखवला. जुनी मोटरबोट, दोघांना झोपता येईल एवढी केबिन, आणि छताचं रेक्झिन डाव्या बाकावर चांगलं हातभर लोंबलेलं. मी म्हटलं, ताई, हे काम कटकटीचं आहे, बोट विकून टाका. ती म्हणाली, विकायचीच आहे, गिऱ्हाईकही मिळालंय, पण त्याला छत नीट करून हवंय.

मग बाकीचं तिने उभ्याउभ्याच सांगितलं. बोट तिच्या नवऱ्याची. गेल्या वर्षी एका सकाळी तो एकटाच ती घेऊन गेला. बोट सापडली, इंजिन चालू, दोर नीट गुंडाळून ठेवलेले. तो सापडला नाही. तेव्हापासून तिचे सासरे रोज जेटीवर जातात आणि संध्याकाळपर्यंत त्या केबिनमध्ये पडून राहतात. जेवण सुटलंय, बोलणं सुटलंय, अंगावर नुसती कातडी उरलीय. घरात ती दोघंच.

"बोट गेली की बाबा घरी येतील, मास्तर," ती म्हणाली. "नाहीतर मला तेही मिळायचे नाहीत."

कापड बेततो म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. पण तिने ज्या आवाजात म्हटलं, त्यावर नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन जेटीवर गेलो. बोट म्हातारी होती, पण काळजीने वापरलेली. तांब्या-पितळेचे कोपरे घासलेले, पडदे धुतलेले. पायऱ्या उतरून केबिनमध्ये गेलं की समोर छोटी शेगडी, दोन्ही बाजूंना अरुंद बाक, मधे एक माणूस अंग चोरून सरकेल एवढी वाट. डिझेलचा आणि बंद कपाटाचा वास. डाव्या बाकावर म्हातारा उताणा पडला होता. वरच्या झोळात आणि त्याच्या नाकात वीतभर अंतर असेल. मला पाहून तो लगबगीने उठला, माझी पिशवी हातातून घेतली आणि समोरच्या बाकावर गुडघे जुळवून बसला. एखाद्या दवाखान्यात नातेवाईक बसतात तसा.

मी म्हटलं, काका, बाहेर बसा, भुगा उडेल. तो म्हणाला, उडू दे.

जुनं अस्तर उतरवायला अर्धा दिवस गेला. वर बघावं तर अपेक्षेप्रमाणेच होतं. फोमची माती झालेली आणि तिच्यामागे बोटीच्या मूळ छताचं कोरडं, खरखरीत फायबर. मी हात फिरवून पाहिला, कारण वरून पाणी झिरपत असेल तर नवं कापडही टिकत नाही. कुठे ओल नाही, चीर नाही. छत घासून पुसून काढलं. मग आमच्या धंद्यातली पद्धत आहे तसं जुनं अस्तर जमिनीवर पसरलं, त्यावर नवं रेक्झिन ठेवून खडूने आखून कापलं. चिकटवायचं सोल्युशन लावलं, बोटाला जरासं चिकटेल इतकं सुकू दिलं, आणि मधून कडेला दाबत दाबत चढवलं. छत असं सपाट झालं की मलाच बरं वाटलं. म्हाताऱ्याला म्हटलं, बघा, नवी बोट. तो वर बघत राहिला आणि मान हलवली.

सकाळी गेलो तर डाव्या बाकावर झोळ होता.

पहिल्यांदा मी स्वतःलाच शिव्या दिल्या. जुनं अस्तर वर्षभर लोंबून ताणलं गेलेलं, आणि मी शहाण्याने त्यावरूनच नवं बेतलं होतं. म्हणजे जुना झोळ मी मोजूनमापून नव्या कापडात उतरवला होता. नवशिका करेल अशी ही चूक, आणि ती माझ्यासारख्याने करावी याची लाज वाटली. म्हाताऱ्याला तसं सांगितलंही. सगळं परत उतरवलं, फायबरची मापं घेतली आणि दुसरं रेक्झिन काटेकोर कापलं. या वेळी नुसत्या सोल्युशनवर सोडलं नाही. कडेने लाकडी पट्ट्या बसवल्या, त्यांवर पिना मारल्या. कापडावर टिचकी मारली की टणटण वाजत होतं.

म्हातारा दिवसभर समोर बसून होता. मी हत्यारं आवरत होतो तेव्हा हळूच म्हणाला, "कापडाचा दोष नाही, मास्तर. तुमचाही नाही."

म्हाताऱ्या माणसांचं असं बोलणं मी फार मनावर घेत नाही. दमलो होतो, मान धरली होती. घरी जाऊन जेवलो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी झोळ आदल्या दिवसापेक्षा खाली आलेला होता. पट्ट्या जागच्या जागी, एक पीन हललेली नाही. आणि तरी कापड खाली होतं. काटेकोर कापलेल्या कापडात एवढी जागा आली कुठून, हे मला कळेना. मी बाकावर चढून तळहाताने तो झोळ वर ढकलला. सैल कापड ढकललं की हात वर जातो, मागे हवा असते. इथे हात गेला नाही. आत भरीव होतं. जड, मऊ आणि गार. दोरीवरून काढलेला अर्धवट वाळलेला कपडा लागतो तसं.

मी हात काढून घेतला. म्हातारा मागून बघत होता.

"बाबा काहीही म्हणोत, काम थांबवू नका, पुरं करा," असं बाईने मला आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. मी मनाला समजावलं की पाणी साचलंय, दुसरं काय असणार. एका बाजूच्या पिना उचकटल्या, पट्टी काढली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. फायबरला बोटं लागली. कोरडं होतं. मधे काही नव्हतं. रिकाम्या जागेत मी हात इकडून तिकडे फिरवला, आणि माझ्या हाताखाली ते कापड तसंच खाली लोंबत होतं, जड.

खोटं कशाला बोलू, घाबरलो आणि हात बाहेर ओढला.

बाकावर टेकलो आणि तेव्हा पहिल्यांदा खालून त्या झोळाकडे नीट पाहिलं. तो नुसता फुगवटा नव्हता. एका टोकाला खांदा होता. मग कमरेचा खळगा. मग दुमडलेले गुडघे. कोणीतरी कुशीवर निजलेलं होतं.

"रोज थोडा खाली येतो," म्हातारा म्हणाला. "घाई करत नाही. लहानपणापासून तसाच."

पायऱ्यांवर पावलं वाजली. बाई दवाखान्यातून परस्पर आली होती, गिऱ्हाईक यायच्या आत काम बघायला. तिने वाकून आत पाहिलं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, सोल्युशन खराब निघालं असं काहीतरी, पण ती माझ्याकडे बघतच नव्हती.

ती वर बघत होती. खूप वेळ.

"हात गालाखाली आहे," ती म्हणाली. "असाच झोपायचा."

रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. बाकावर गुडघा टेकून तिने हात वर केला आणि खांद्याच्या जागी ठेवला. झोपलेल्याला उठवताना ठेवतात तसा, हलकेच. मला त्या क्षणी भीती वाटायची थांबली आणि इतकं वाईट वाटलं की खाली बघून मी पिना गोळा करायला लागलो.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुला तरी सुटू द्यावं म्हटलं," म्हातारा म्हणाला.

शेगडीजवळचा नळ टपकत होता.

मग ती म्हणाली, "चला घरी. दोघंही."

म्हातारा उठला.

वर पट्ट्या करकरल्या. कापड हळूहळू वर गेलं. आधी गुडघे, मग कंबर, शेवटी तिच्या हाताखालचा खांदा.

छत सपाट झालं. तिचा हात तसाच वर राहिला होता.

काढलेली पट्टी मी परत बसवली. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं. छतावरून हात फिरवत म्हणालं, वा, एक सुरकुती नाही. बोट त्याच आठवड्यात गेली. त्या बोटीची पुढे कधी काही तक्रार आली नाही, म्हणजे काम चांगलं झालं असं म्हणायचं.

मी हे कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती सोल्युशन डोक्यात गेलं. मधे बरेच दिवस गेले आणि एका दुपारी बाईचा फोन आला. घरी या, गादीचं काम आहे.

दार म्हाताऱ्याने उघडलं. मी त्याला ओळखलंच नाही. गाल भरले होते, दाढी केलेली, स्वयंपाकघरात काहीतरी शिजत होतं ते तोच करत होता. मी मनापासून म्हटलं, काका, तब्येत छान झाली. तो हसला नाही. मला दारातच थोपवून, आतल्या खोलीकडे बघत हलक्या आवाजात बोलला.

"ती दवाखान्यात जात नाही हल्ली. जेवायला हाक मारली तर म्हणते, नंतर. मी त्याला तिथेच राहू द्यायला हवं होतं, मास्तर. मला सवय झाली होती. तिचं वय आहे का हे?"

मी पिशवी उचलून आत गेलो.

खोलीत पडदे ओढलेले होते. ती पलंगाच्या एका कडेला बसली होती, केस बांधलेले नव्हते, अंगात तोच निळा कोट, पण चुरगळलेला. खूप वाळली होती. तिने मला बसायला स्टूल दिलं, पाणी विचारलं, सगळं नीट. दोघांची गादी होती, फारशी जुनी नाही. ती बसली होती तिकडची बाजू सपाट होती. भिंतीकडची बाजू खोल दबलेली होती.

मी सवयीने म्हटलं, ताई, आतला फोम त्या बाजूने बसलाय, तेवढा बदलून देतो, गादी सरळ होईल. गादीची कड उचलायला मी हात पुढे केला आणि तिने माझं मनगट धरलं. जोरात नाही.

"सरळ नकोय," ती म्हणाली. "नुसती खोळ नवी शिवा. त्या बाजूला कापड जास्त सोडा."

किती, असं मी विचारलं. धंद्यातला प्रश्न, तोंडातून निघून गेला. तिने भिंतीकडे बघून थोडा विचार केला आणि हाताने अंतर दाखवलं. मी खिशातली टेप काढली, पण माप घ्यायला त्या बाजूला वाकवेना. तिनेच टेपचं दुसरं टोक धरलं आणि पलीकडे सांभाळून, कशाच्या तरी वरून नेल्यासारखं, भिंतीपर्यंत नेलं. मी आकडा वाचला आणि कापडाचे नमुने तिच्या मांडीवर ठेवले. सुती चांगलं, अंगाला मऊ लागतं, असं म्हणालो.

तिने सुती नमुने एकेक करून बाजूला केले.

"सुती नको, मास्तर," ती म्हणाली. "सकाळपर्यंत वाळत नाही."