सख्याचा हरवलेला पत्ता

चंद्रावरच्या भुयारी वस्तीत वीज परत आली, पण सखा उठला नाही. शाल्मलीच्या आजारी आईची शुश्रूषा करणारा तो यंत्रमानव भिंतीशी गप्प उभा होता. वीज गेली त्याच दिवशी आईला रुग्णालयात हलवलं होतं. तिथून ती परतली नाही. तिच्या दुखण्यातल्या दिवसांचं बोलणं आता फक्त सख्याच्या स्मृतीत उरलं होतं, आणि ती स्मृती होती वस्तीच्या मुख्य संगणकात.

"मग ती त्याला मिळत का नाही?" शाल्मलीने विचारलं.

वस्तीचं नेटवर्क सांभाळणाऱ्या उर्मिलाआत्याने सख्याच्या छातीचं झाकण उघडलं. "आधी त्याचा बूटलोडर (यंत्राला जागं करणारा छोटा प्रोग्राम) उठतो. त्यातला ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा भाग) या नेटवर्क कार्डाला त्याचा पत्ता विचारतो. कारखान्यातच प्रत्येक कार्डाच्या चिपमध्ये सहा संख्यांचा वेगळा पत्ता भरलेला असतो. त्यावरून मुख्य संगणक सख्याला ओळखतो."

"चिप काय सांगतेय?"

पडद्यावर सहाही जागी २५५ होते. "एका जागी मावणारी सर्वांत मोठी संख्या. सगळीकडे तीच, किंवा सगळीकडे शून्य आलं, की ड्रायव्हर तो पत्ता मानत नाही."

"म्हणजे पुसला गेला?"

"असेल. नवा पत्ता देता येईल गं. सखा उठेलही. पण संगणकाला तो नवखा वाटेल आणि कोरी स्मृती मिळेल."

शाल्मलीने कार्डाला बोट लावलं. गारठलेलं होतं. "आत्या, चिपने हे सांगितलं, की ती काही बोललीच नाही?"

आत्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "उत्तर आलं नाही तरी २५५च दिसतात. थंडीत चिप उशिरा जागी होते, आणि ड्रायव्हर वीज येताच विचारून मोकळा होतो."

तिने ड्रायव्हर बदलला : आधी थांब, मग विचार, पत्ता चुकीचा वाटला तर पुन्हा विचार.

पुन्हा २५५. नंतरही तेच. शाल्मलीने मान फिरवली.

"बघ," आत्या हळूच म्हणाली. सहा वेगवेगळ्या संख्या उमटल्या होत्या. मुख्य संगणकाने सख्याला ओळखलं.

सख्याचे डोळे उजळले. "शाल्मली, मीराताई कुठे आहेत? त्यांच्या औषधाची वेळ झाली."

आत्याने तोंड वळवलं. शाल्मलीने सख्याचा थंड हात धरला.

"तुला सगळं सांगते," ती म्हणाली. "मग तू मला आईचं सांग. रोज थोडं थोडं."