पोट सुटलेली शिडी

नववीला विज्ञान शिकवणारी ती पिवळा रंग मागायला चित्रकलेच्या वर्गात शिरली आणि घाईत नेमका ओल्या पॅलेटवरच हात टेकला.

"मिळाला की!" चित्रकलेचे सर म्हणाले.

वर्षभर एकाच शिक्षकखोलीत बसूनही दोघांचं मान हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं. आज मात्र त्यांनी फडकं पुढे केलं, आणि उद्याच्या प्रदर्शनासाठी थर्माकोलचा डीएनए करायचाय हे कळताच बाह्याही सरसावल्या.

"साखर, फॉस्फेट आणि एक बेस मिळून एक न्यूक्लिओटाइड," तिने समजावलं. "डीएनए याच विटांचा बनतो. साखर-फॉस्फेटचे दोन दांडे, मधे बेसच्या जोड्यांच्या पायऱ्या. बेस चारच – ए, टी, जी, सी."

तास घेऊन ती परतली, तोवर सरांनी शिडी जोडली होती, पण...

"अहो, शिडीला इथे पोट सुटलंय! आणि तिथे कंबर आवळलीय!"

"लाल-पिवळं शोभून दिसलं, म्हणून..."

"लाल म्हणजे ए, पिवळा म्हणजे जी, दोघंही अंगाने मोठे. त्यांना एकत्र बसवलंत तर फुगणारच, आणि लहानग्या टी-सीला बसवलंत तर आवळणार! एला टी लागतो, जीला सी. एक मोठा, एक लहान, तेव्हा शिडी सरळ राहते."

"आणि एला दुसरंच कुणी आवडलं तर?"

"नुसतं आवडून चालत नाही," ती हसू दाबत म्हणाली. "माणसांचं बरं असतं..."

"असतं का?"

तिचे कान तापले.

जोड्या बदलल्या. तिने वरचं टोक धरलं, त्यांनी खालचं, आणि दोघांनी हलकेच पीळ दिला. खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत होता.

तेवढ्यात मुख्याध्यापिका डोकावल्या. "बाई, त्या नव्या नोकरीला होकार कळवलात का? तुमच्या जागी कुणीतरी बघायला हवं." आणि निघूनही गेल्या.

"जाताय?" त्यांनी विचारलं.

"लांबच्या गावी आहे, पण कायमची नोकरी आहे. इथे काय आहे माझं?"

"हा... डीएनए."

"बस्स?"

"आणि मी," ते कसेबसे म्हणाले. "म्हणजे... तुम्हाला चालत असेल तर. पण ती नवी नोकरी सोडू नका हं! मीच येत जाईन. दर रविवारी."

"बसमध्ये अख्खा दिवस मोडतो."

"मोडू दे."

ती पुढे झाली. मग त्यांच्या गालावरचा पिवळा ठिपका तिने बोटाने पुसला.

"सर, एक सांगू?"

"सांगा ना..."

"तू शनिवारीच निघत जा."