पन्नाशी, हलका गट

वाईच्या त्या मंगल कार्यालयात सकाळपासून रांग लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाची एकच इच्छा होती: आपण जरा म्हातारे निघावं.

पसरणी घाटाची हौशी सायकल शर्यत महिन्यावर आली की ही मोजणी होते. बोटातून रक्ताचा थेंब घेतात, वजनकाट्यावर उभं करतात आणि थोड्या वेळाने एक आकडा हातात ठेवतात. तो झीजांक. शर्यतीच्या दिवशी तोच आकडा छातीवर आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत लावायचा. जन्मतारीख आता कोणी विचारत नाही. पूर्वी विचारत, आणि त्यावरून भांडणंही होत. चाळीस वर्षांचा बँकेतला माणूस आणि चाळीस वर्षांचा ऊसतोडणीवाला एकाच गटात उतरायचे, त्याला लोक समान संधी म्हणायचे. झीजांकाने तो प्रश्न सोडवला. शरीर किती वर्षं जगलं हे तो सांगत नाही, किती वापरलं गेलं ते सांगतो. त्यावरून चाळिशी, पन्नाशी असे गट पडतात आणि प्रत्येक गटाचे वजनावरून पुन्हा दोन भाग होतात, हलका आणि भारी, कारण चढावर प्रत्येक किलो मोजून घेतला जातो.

म्हाताऱ्या गटात शर्यत सोपी, हे लोकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. मग अढी आली. आंबा पेंढ्यात घालून पिकवतात, तसं मोजणीच्या आधी आठ-दहा दिवस स्वतःला पिकवायचं. झोपायचं नाही, खारट खायचं, अंगात कणकण येईपर्यंत सायकल मारायची. अशाने आकडा तीन-चार वर्षांनी वर जातो, कोणी अतीच केलं तर पंधरा-वीसनेही. शर्यत भरवणाऱ्या मंडळाने अढीवर बंदी घातली होती आणि ती मोडणाऱ्यांवर सगळ्यात जास्त डोळा हेमांगी शिर्के यांचा असे.

हेमांगी सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांचा झीजांक चव्वेचाळीस होता. मंडळाच्या त्या जुन्या सभासद. चाळिशीच्या हलक्या गटात त्यांना गेल्या तीन वर्षांत एकदाही पदक मिळालं नव्हतं, पण त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "मिळालंच तर खरं मिळेल," असं त्या म्हणत, आणि जरा मोठ्याने म्हणत.

यंदा त्या खुशीत होत्या, कारण ओवी येणार होती. ओवी ही त्यांची एकुलती एक मुलगी, वय एकतीस, साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवते. लहानपणी तिने पदकांनी कपाट भरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिने सायकल भिंतीला टेकवली ती टेकवलीच. बारा वर्षांनी आईच्या आग्रहाखातर ती पुन्हा उतरत होती. हेमांगींनी मनात सगळं ठरवलं होतं: ती तिशीच्या गटात, आपण चाळिशीच्या, आणि वर पाचगणीला पोचल्यावर दोघींनी मिळून मिसळ खायची.

ओवी मोजणीच्या खोलीतून बाहेर आली आणि तिने कागद आईच्या हातात दिला. झीजांक बावन्न. पन्नाशी, हलका गट.

हेमांगींनी कागद दोनदा वाचला. "मशीन बिघडलंय का?"

"त्यांनी दोनदा केलं," ओवी म्हणाली.

"रात्री झोपली होतीस ना नीट?"

"झोपले होते की."

"ओवी, माझ्याकडे बघून सांग."

ओवीने आईकडे बघितलं आणि काहीच सांगितलं नाही. तिचा तो जुना स्वभाव होता. त्या गप्प राहण्याचा अर्थ हेमांगींनी आपल्या परीने लावला.

त्या दुपारी मंडळाकडे एक आक्षेप दाखल झाला. स्पर्धक ओवी शिर्के हिने अढी केल्याचा संशय आहे, फेरमोजणी व्हावी. खाली सही हेमांगी शिर्के. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना फोन करून विचारलं, की ताई, नक्की ना? हेमांगी म्हणाल्या, माझ्या घरचं म्हणून सोडलं तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडाने बोलू?

ओवीला हे संध्याकाळी कळलं.

"कोणीतरी आक्षेप घेईल हे मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तू घेशील असं नव्हतं वाटलं."

"खोटं असेल तर कबूल कर. मी तो मागे घेते."

"राहू दे. होऊ दे फेरमोजणी."

फेरमोजणी तीन आठवड्यांनी असते. त्यामागे कारण आहे. अढीने चढलेली झीज वरवरची असते, नीट खाल्लं-झोपलं की तेवढ्या दिवसांत उतरते. म्हणून आक्षेप आलेल्या स्पर्धकाला आधी विश्रांती देतात आणि मग मोजतात. शाळेला सुट्टी होती, तेव्हा ओवी ते तीन आठवडे आईकडेच राहिली.

हे दिवस हेमांगींना विचित्र गेले. मुलीने लबाडी केली म्हणून त्या रागावल्या होत्या, आणि तिने लबाडी केलीच असावी अशी आतून आस लावून बसल्या होत्या. लबाडी असेल तर आकडा उतरेल, बत्तीस-तेहतीसवर येईल, फार तर वर्षभराची बंदी येईल आणि चारचौघांत मान खाली जाईल. ते त्यांना चाललं असतं. ओवीच्या पिशवीत मिठाच्या पुड्या सापडतात का म्हणून त्यांनी एकदा हळूच पाहिलं. एक पुस्तक आणि गुडघ्याला लावायचं मलम एवढंच सापडलं. ओवी वेळेवर जेवत होती, लवकर झोपत होती. मुलीला शांत झोप लागते हे बघून जीव खाली-वर होणारी आई त्या गावात दुसरी नसेल.

फेरमोजणीचा निकाल सांगायला डॉ. श्रीनिवास वर्तक स्वतः आले. झीजांकाची पद्धत बसवणाऱ्यांपैकी ते एक. वयाने सत्तरीच्या पुढचे असावेत. स्वतःचा झीजांक त्यांनी कधी काढला नव्हता. विचारलं तर, आचाऱ्याला भूक नसते, म्हणत. ओवीचा निकाल त्यांनी आधी ओवीला सांगितला. मग तिच्या परवानगीने हेमांगींना आत बोलावलं.

"बावन्नच आहे," ते म्हणाले. "तुमचा आक्षेप निकाली निघाला. मुलीने काही केलेलं नाही."

हेमांगी खुर्चीत बसल्या. "पण डॉक्टर, ती एकतीस वर्षांची आहे."

"तुमच्या घरात पोळ्यांचा तवा असेल."

"आहे."

"तो किती साली घेतला ते सोडा. त्याच्यावर काजळी किती धरलीय ते बघा. आपल्या पेशींत जनुकं असतात ना, त्यांच्यावर आयुष्यभर असे बारीक रासायनिक डाग बसत जातात. ताप, जागरण, उपास, काळजी, प्रत्येकाचा डाग वेगळा. आम्ही डाग मोजतो, बाकी काही नाही. काही डाग वरचे असतात, ते घासले की निघतात. अढीचे तसलेच. काही मात्र लोखंडात शिरतात."

"तिचे?"

"शिरलेले. आणि कधी शिरले तेही साधारण कळतं. वाढीच्या वयातले डाग खालच्या थरात असतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बारा-तेरा ते अठरा, या वर्षांत तिला मोठं आजारपण झालं होतं का? अन्न जात नव्हतं, शरीरातलं पाणी कमी होत होतं, असं काही? एकदा नाही. पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या दिवसांनी."

"आजारपण नाही," हेमांगी म्हणाल्या. "शर्यती होत्या."

"कसल्या?"

"चाळीस किलोखालच्या गटाच्या."

डॉक्टरांना ते नीट कळलं नाही, म्हणून हेमांगींना उलगडून सांगावं लागलं. तेव्हा मुलांच्या शर्यतींना वजनाचे गट असत. ओवी चाळीस किलोखालच्या गटात जिंकायची. तिचं वजन एकेचाळीस-बेचाळीस व्हायला लागलं, वरच्या गटात गेली तर ती सातवी-आठवी यायची. मग सगळे आईबाप करत तेच हेमांगींनी केलं. त्याला सुकवणं म्हणत. शर्यतीच्या आधी चार दिवस जेवण निम्मं, दोन दिवस पाणी घोट-घोट, आदल्या दिवशी अंगात दोन स्वेटर घालून उन्हात सायकल. वजन झालं की ग्लुकोजचं पाणी. वर्षाला दहा-बारा शर्यती असायच्या. कोणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. त्याला तयारी म्हणत.

"ती कधी नाही म्हणाली नाही," हेमांगी म्हणाल्या.

"तुम्ही स्वतः सायकल कधी धरलीत?"

"लग्नानंतर."

"म्हणजे वाढ झाल्यावर." डॉक्टरांनी मान हलवली.

"हे उतरवता येतं का?"

"मोजता येतं," ते म्हणाले. "उतरवता येत नाही. पुढची झीज सावकाश होईल एवढं बघता येतं. व्यायाम करू दे, शर्यतीतही उतरू दे. गट बरोबर आहे तिचा. त्या गटात तिच्यावर अन्याय होणार नाही."

हेमांगी घरी आल्या तेव्हा ओवी ओसरीत सायकलची साखळी पुसत होती. त्या म्हणाल्या, "नको उतरूस शर्यतीत. मीही नाही उतरत."

"का? माझा गट पक्का झालाय ना आता," ओवी म्हणाली. "मला उतरायचंय, आई. कधी नव्हे ते वजन न बघता, जेवून उतरायचंय."

"माझं चुकलं गं."

"हो," ओवी म्हणाली, आणि साखळी पुसत राहिली. त्या एका शब्दात राग नव्हता. हेमांगींना राग चालला असता.

शर्यतीत झीजांकाने मोठे असलेले गट आधी सोडतात, म्हणजे सगळे साधारण एकाच वेळी वर पोचतात. त्यामुळे घाटात तरुण गट मागून येऊन थोरांना गाठतो. रस्ता अरुंद, एका अंगाला दरी. म्हणून एक रीत पडली आहे. मागच्याने ओरडून सांगायचं, "येते हं काकू," किंवा "येतो काका." पुढच्याने डावीकडे सरकायचं आणि म्हणायचं, "जा बाळा, सावकाश जा." ही रीत कोणी घातली माहीत नाही, पण ती कोणी मोडत नाही. घाटात सकाळभर हे आवाज ऐकू येतात आणि बघणाऱ्यांना ते आवडतात.

पन्नाशीचा गट सुटला तेव्हा ओवी पांढऱ्या केसांच्या बायकांत उभी होती. कोणीतरी तिला केळं दिलं. तिने ते अख्खं खाल्लं. थोड्या वेळाने चाळिशीचा गट सुटला.

मंदिराच्या वळणापर्यंत हेमांगींनी बऱ्याच जणींना मागे टाकलं. प्रत्येकीला त्या रीतीप्रमाणे काकू म्हणाल्या, प्रत्येकीने बाळा म्हणून वाट दिली. वळण संपलं आणि समोर पाठीवर बावन्न आकडा दिसला. ओवी चांगली चालवत होती, लहानपणी चालवायची तशीच, खांदे न हलवता. पण चढावर तिचा दम तुटत होता.

हेमांगी मागे राहिल्या. त्यांनी वेग कमी केला, आणखी कमी केला. मागून त्यांच्याच गटातल्या दोघी आल्या, ओरडल्या, मायलेकींना मागे टाकून निघून गेल्या. ओवीने त्यांना वाट दिली, आणि तेव्हा तिने मागे वळून पाहिलं.

"ये की पुढे," ती धापा टाकत म्हणाली.

"नको. मी आहे मागे."

"मागे राहून काय होणार आहे आता? हाक दे, आणि जा."

हेमांगींनी तोंड उघडलं. काकू म्हणायचं नव्हतं, ओवी म्हणवेना. "येते हं," एवढंच त्या म्हणाल्या.

ओवी डावीकडे सरकली. तिने आईच्या छातीवरचा चव्वेचाळीस आकडा पाहिला, आणि पन्नाशीतल्या सगळ्या बायका सकाळपासून म्हणत होत्या त्याच आवाजात म्हणाली, "जा बाळा, सावकाश जा."

हेमांगींना थांबायचं होतं. पण चढावर थांबलेली सायकल आडवी होते, आणि पाय चव्वेचाळिशीचे होते. ते त्यांना पुढे घेऊन गेले.