आईचा ताल

"शाले, पाठ ताठ! तू अशी मुटकुळं करून बसलीस की माझी मेथीसुद्धा माना टाकते बघ!"

आठवडी बाजारात पोत्यावर भाजी मांडून बसलेल्या आईची ही हाक शालनला पन्नाशी उलटली तरी ऐकू यायची. आई कधीच गेली होती. बाजारही गेला. आता शहरात जिथे तिथे कुशीखुर्च्या होत्या. माणूस टेकला की त्या उशीसारख्या अंगाभोवती वळायच्या. त्यांत बसून बसून पाठीची कमान व्हायची, माकडहाड आत दुमडायचं आणि मूत्राशयाला खालून पेलणारी स्नायूंची झोळी सैल पडायची. बायका शिंकायला भ्यायच्या, खळखळून हसायला भ्यायच्या. शालनही.

त्यावर निघालं ताल-कलम. एका बाईच्या झोळीचा आवळण्याचा ताल यंत्राने टिपायचा आणि आंब्याचं कलम बांधावं तसा दुसरीच्या नसांत रुजवायचा. जमिनीवर ताठ बसणाऱ्या बाजारातल्या बायकांचे ताल हे कलम करणाऱ्या संस्थेने पूर्वीच जपून ठेवले होते. त्यांत आईचाही होता. शालनने तोच मागून घेतला.

कलम रुजलं. कपडे कोरडे राहू लागले. संध्याकाळी काचेत पाहावं तर तिथे आईच बसलेली. ताठ, गुडघे जुळवून. शालन तिच्याशी दोन शब्द बोलायचीसुद्धा. पण संडासात गेलं की काही केल्या मोकळं होता येईना. नळ सोडून बसावं, तरी नाही.

"स्नायू घट्ट आहे, पण सैल होणं त्याला ठाऊकच नाही," संस्थेच्या डॉक्टर रेवती मुळ्ये म्हणाल्या. "बाजारात संडास होता का हो?"

"कुठला! उजाडता गेलेली आई अंधार पडल्यावर आडोशाला जायची. दिवसभर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायची नाही."

"मग कलम काढू या. मूत्रपिंडांवर बेतेल."

"नको ना," शालन कळवळली. "आत्ता कुठे आलीय ओ ती. पुन्हा कशी घालवू?"

तिने तोंड फिरवलं. काचेच्या दारापलीकडे बायका नंबराची वाट पाहत होत्या. खुर्च्या एवढ्या मऊ, तरी सगळ्या अगदी कडेवर टेकलेल्या. ताठ, गुडघे जुळवून. शालन बघतच राहिली.

"या अशा का बसल्यात? माझ्या आईसारख्या?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आम्ही आवळण्याची ताकद तेवढी मोजली, शालनताई. सैल होणं मोजायचं सुचलंच नाही कुणाला. तुमच्या आईचा ताल सगळ्यांत घट्ट निघाला, म्हणून शहरभर तोच दिला. त्या सगळ्यांच्या अंगात तुमची आई बसलीय, सकाळपासून लघवी धरून."