पंचेचाळीस मिनिटांचा करार

"तुम्ही पंधरा मिनिटांत पोहोचणार? उडत?"

वाचनालयाच्या प्रिंटरमधून निघालेला तिच्या कराराचा कागद हातात धरून ग्रंथपाल विचारत होता. तिने तो झटकन ओढून घेतला.

"दुसऱ्यांचे कागद वाचायची सवयच आहे वाटतं?"

"नोकरीच वाचायची आहे हो..." तो हसला. गालाला खळी पडली. आपण ती पाहिलीच नाही, असं तिने दाखवलं.

ती लिफ्ट दुरुस्त करायची. गुडघ्याने बाबांना घरी बसवल्यापासून सगळा कारभार तिच्याच अंगावर पडला होता. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे एक वृद्धाश्रम. तिथल्या नव्या व्यवस्थापकबाईंनी बजावलं होतं – तोंडी काही चालणार नाही, सेवा करार लिहून आणा. बिघाड कळवल्यावर किती वेळात याल, तपासणी किती दिवसांनी कराल, सगळं. मुदत शुक्रवारची, आणि एक मोठी कंपनीही रांगेत. हे काम हातचं गेलं, तर बाबांच्या दोन जुन्या कारागिरांना ती कोणत्या तोंडाने 'उद्यापासून येऊ नका' म्हणणार होती?

"इंटरनेटवरून अकरा नमुने उतरवलेत," ती शेवटी म्हणाली. "सगळे कॉम्प्युटरवाल्यांचे. आजोबा लिफ्टमध्ये अडकले तर पासवर्ड बदलून देऊ, असं लिहू का?"

तो खळखळून हसला. मग उठून आतल्या कपाटातून एका उद्योग संघटनेची नमुना करारांची पुस्तिका आणि लिफ्ट सुरक्षेची नियमावली घेऊन आला. तीन दिवस दोघं वाचनालयातल्या टेबलावर डोकं घालून बसले. तो एकेक कलम वाचायचा, ती खोडायची. खोडता खोडता भांडायची.

"वेळ मात्र कुठल्याच नमुन्यात सापडायची नाही," तो म्हणाला. "ती मोजावी लागेल."

मग तिच्या दुकानापासून वृद्धाश्रमापर्यंत, स्कूटरवर तिच्या मागे बसून तो घड्याळ बघायचा. पहिल्या दिवशी दुपारी अठ्ठावीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी, ऑफिसं सुटताना, एकेचाळीस. तिसऱ्या दिवशी पावसाची भुरभुर... चाळीस.

"आजची फेरी हवीच होती का?" वृद्धाश्रमाच्या फाटकाशी तिने विचारलं.

"नव्हती... कालची पुरली असती."

"मग?"

"मग – काही नाही." तो हेल्मेटच्या पट्ट्याशी उगाच खटपट करत राहिला. तिचे कान गरम झाले.

शुक्रवारी व्यवस्थापकबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "त्या मोठ्या कंपनीवाल्यांनी दहा मिनिटं लिहिलीत. कशी, ते त्यांना सांगता येईना. तुमची पंचेचाळीस कुठून आली?"

तिने तिन्ही फेऱ्यांची नोंद पुढे ठेवली – सगळ्यात जास्त एकेचाळीस, वर चार मिनिटं राखीव. बाईंनी ती दोनदा वाचली, आणि सही केली.

तिथून ती तडक वाचनालयात आली. वाटभर घोकलेलं सगळं दारातच विसरली.

"मिळालं काम... बाबा फोनवर रडले. वर्षभर मी एकटीच निस्तरत होते हो. कुणी शेजारी बसलंच नव्हतं. तुम्ही बसलात." ती टेबलापाशी आली. "आभार मानायला आले होते."

"माना की."

"नाही मानत. आभार मानले की निघावं लागेल... आणि मला निघायचं नाहीये."

त्याने हातातलं पुस्तक मिटलं.

"मग नको ना जाऊस," तो म्हणाला. पहिल्यांदाच, एकेरीत.