उलार

ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनातली. पुसदच्या मोटारस्टँडवर भगवानराव आणि त्याची बायको कोकिळा उतरली, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अयोध्या, प्रयाग, काशी अशी मोठी यात्रा करून ती परतत होती. घरचा सालदार डोमाजी बैलगाडी घेऊन दुपारपासून वाट पाहत बसला होता. यात्रा करून आलेल्यांच्या पायांना त्यानं हात लावला, गंगाजळाचे गडू गाडीत अंथरलेल्या तणसात नीट रोवले, वळकट्या मागं टाकल्या आणि बैल जुंपले.

यात्रेला गेली होती तिघं. तिसऱ्या माणसाबद्दल डोमाजीनं काही विचारलं नाही, याचं भगवानरावाला नवल वाटलं. खरं म्हणजे हायसंच वाटलं. सांगायचं ते त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. रुखमाबाईला काशी लाभली, घाटावरच सगळं केलं. एवढं ऐकल्यावर लोक हात जोडतील. पुढं कोणी खोदून विचारणार नाही.

पण रुखमाबाई मेली नव्हती. निदान भगवानरावानं तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती काशीच्या स्टेशनावर, बाकाच्या टोकाला, मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली होती.

ती त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा भगवान रांगत होता. लहानपणीच कपाळ पांढरं झालेल्या रुखमानं त्याला कडेवर वाढवलं. म्हातारपणी मात्र तिचं चित्त ठिकाणावर राहीना. अयोध्येत ती दोनदा वाट चुकली. काशीच्या धर्मशाळेत एका पहाटे तिचं लुगडं खराब झालं. खोलीतले बाकीचे यात्रेकरू नाकाला पदर लावून भगवानरावाकडे पाहू लागले. त्याला बहिणीची लाज वाटली आणि तो बोलून गेला, "आमच्या गावची म्हातारी आहे एक. सोबत आली."

रुखमाबाईनं ते ऐकलं. लुगडं गोळा करून ती एकटीच नळावर गेली.

त्याच दिवशी स्टेशनावर त्यानं तिला बाकावर बसवलं. "हालू नको बाई. मी आलोच." आगगाडी लागली, माणसांचा लोंढा आला, तो कोकिळेला घेऊन डब्यात शिरला. खिडकीतून बाई दिसत होती, तो गेला त्याच दिशेला तोंड करून बसलेली. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. उतरायलाही वेळ होता. त्यानं कोकिळेकडे पाहिलं, कोकिळेनं त्याच्याकडे. दोघंही जागची उठली नाहीत. गाडी हलली.

आता पुसद मागं पडलं होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना सागाची पानगळ झालेली झाडं, आणि सगळीकडे मोहफुलांचा गोड, आंबूस वास. सूर्य डोंगरामागं गेला तशी चाकांची करकर मोठी वाटायला लागली.

"नीट धरून बस माय," डोमाजी पुढं पाहतच म्हणाला. "नाला हाय पुढं."

"धरलं," कोकिळा म्हणाली.

"तुमाले नाई मालकीणबाई. रुखमाबाईले म्हणून राह्यलो."

भगवानरावानं मान वळवून पाहिलं. वळकट्या होत्या, गडू होते, आणि त्यांच्यापलीकडे गाडीच्या मागच्या टोकाला थोडं मोकळं तणस.

"डोमाजी..." त्यानं घसा खाकरला. "बाई नाही आली आमच्यासंगं."

डोमाजी हसला. "थट्टा कायले करता मालक? तुमच्या मांगूनच तं मोटारीतून उतरली. सोताच चढली गाडीत."

जुळवून ठेवलेलं वाक्य भगवानरावाच्या जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. कोकिळेनं त्याचा दंड घट्ट धरला. मोहाचा वास कधी नाहीसा झाला ते कळलं नाही. त्या रानात, जिथं आसपास आगगाडीचा रूळही नव्हता, दगडी कोळशाच्या धुराचा जळका वास येत होता.

नाला उतरून गाडी चढणीला लागली आणि पुढून उचलली गेली. बैलांच्या मानेवरचं जू वर आलं, गळ्यातले पट्टे ताणले गेले.

"पुढं सरका दोघंबी," डोमाजी म्हणाला. "गाडी उलार होऊन राह्यली. मांगं वजन झालं."

दोघं सरकत सरकत डोमाजीच्या पाठीला टेकली. मागं आता सामानाखेरीज काही नव्हतं. तरी जू आणखी वर आलं. बैलांना श्वास घेता येईना, ते जागीच थांबले. डोमाजीनं खाली उतरून जू दाबून धरलं आणि मागं पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कोणी बोलत असताना ऐकावं तशी त्यानं मान खाली घातली.

"काय... काय म्हणते?" कोकिळेनं विचारलं.

डोमाजीनं मालकाकडे पाहायचं टाळलं. "म्हणते... भगवानाले सांग, मी हालली नाई."

भगवानरावानं मागं पाहिलं. तणस मोकळंच होतं.

"आखीन म्हणते... मी गावची म्हातारी होय, तं मले गावाच्या येशीपाशी उतरून दे. त्याच्या घरी नको नेऊ."

ते धर्मशाळेतले शब्द तिथल्या त्या खोलीबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. भगवानराव गाडीतून उतरला. वाटेतच उभं राहून, जू धरलेल्या आपल्या सालदाराला त्यानं सगळं सांगितलं. कोकिळा पदरात तोंड लपवून बसली होती. डोमाजीनं काही बोलावं असं भगवानरावाला फार वाटत होतं. शेवटी मोकळ्या तणसाकडे वळून त्यानं हात जोडले. "बाई," तो म्हणाला, "मी घ्यायले येतो. बसून राहा." जू खाली आलं की नाही हे पाहायला तो थांबला नाही. आल्या वाटेनं पायीच पुसदकडे निघाला.

काशीला पोचल्यावर तो आधी स्टेशनावर गेला. बाकावर दुसरीच माणसं बसली होती. मग त्यानं धर्मशाळा पाहिल्या, घाट पाहिले, इस्पितळं पाहिली. रुखमाबाई कुठंच नव्हती. भटकून भटकून तो पुन्हा त्या बाकापाशी आला. समोर चहाची टपरी होती. त्यानं विचारायच्या आधीच टपरीवाल्यानं ओळखीचं हसून त्याला रामराम केला.

"माई को लेकर घर पहुँच गये न, भैया?"

"कौन माई?"

"वही, जो यहाँ बैठी थीं. गाड़ी छूट गई तो बहुत घबराई थीं. फिर थोड़ी देर में आप लौट आये. हाथ पकड़कर उठाया. बोले, चल बाई, घरी जाऊ. इतनी मराठी तो हम समझते हैं." त्यानं फलाटाच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथं फलाट संपत होता आणि पुढं नुसते रूळ होते. "उधर से ले गये. माई रास्ते भर हँस रही थीं."

भगवानराव त्या दिशेला पाहत राहिला.

"अब कैसी हैं माई?" टपरीवाल्यानं विचारलं.

भगवानरावानं मान खाली घातली.

"अच्छी हैं," तो म्हणाला.