नऊ फुटांची तार

आंबाखोऱ्यातून खालच्या खैरमाळपर्यंत माणसाचा आवाज पोहोचवायचा, एवढ्यासाठी ते तिघं डोंगर चढत होते.

आंबाखोरा म्हणजे सातपुड्याच्या घडीत दडलेला बावीस घरांचा पाडा. तिथे मोबाइल नुसता उजेडापुरता आणि गाण्यांपुरता. रेंजचं नाव नाही. गेल्या वर्षी पाड्यातली एक अडलेली बाई झोळीत घालून खाली आणली, तेव्हा डांबरी सडक जिथे संपते तिथे गाडीची वाट बघण्यात दोन तास गेले. बाई वाचली, बाळ गेलं. त्या झोळीचा पुढचा दांडा पाड्यातल्याच तेरसिंगच्या खांद्यावर होता. आता त्याची स्वतःची लेक रुपली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हातात दोन महिने होते.

बिनतारी संचांची खटपट करायला अमळनेरहून सपना आली होती. ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सोबत तिचे वडील बन्सीलाल. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना लेकीसकट सगळे नाना म्हणत. जळगावच्या एका दुकानदाराने चार दिवस वापरून बघायच्या बोलीवर दोन तऱ्हेचे सीबी संच दिले होते. सीबी म्हणजे लायसन्स न लागणारा साधा वायरलेस. एक संच नाजूक, रंगीत पडद्याचा, त्याची बोटभर रबरी अँटेना कायमची चिकटवलेली. दुसरा विटेसारखा जड, पण त्याची अँटेना फिरवून काढता यायची आणि तो आठवडे बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालायचा. खैरमाळच्या आरोग्य उपकेंद्रात ममता सिस्टर तिसरा संच घेऊन बसली होती. तिची तार छतावरच्या बांबूला बांधलेली होती.

"हाऊ रंगीतच लेवा ना, ताई," तेरसिंग पहिल्याच चढाला म्हणाला. "खिशामा मावस."

"आधी बोलून तर बघू, भाऊ."

रंगीत संचाने पहिल्या वळणापर्यंत छान साथ दिली. दुसऱ्या वळणाला ममताचा आवाज चिरकला, आणि तिसऱ्याला नुसती खरखर! सपनाने विटेसारखा संच काढला, त्यावर पोलादी दांडी चढवली आणि ती ओढून माणसाच्या उंचीची केली.

"बोल गं, स्वच्छ येतंय!" ममता म्हणाली.

तेरसिंग थबकला. "दोन्हीसनी ताकद सारखीच शे ना?"

"सारखीच. पण आपली लहर छत्तीस फुटांची. तिच्या चौथाईएवढी, म्हणजे नऊ फुटांची तार असली की संचातली ताकद नीट हवेत जाते. बोटभर अँटेनात ती तिथल्या तिथे मुरते. ही दांडी त्या दोन्हींच्या मधली."

"आणि मधे डोंगर आला तर?"

"तर डोंगरच जिंकतो," नाना हसून म्हणाले.

तसंच झालं. आंबाखोऱ्यात पोहोचल्यावर तेरसिंगच्या अंगणात दांडी लावून झाली, मग सपनाने घरी बनवलेली नऊ फुटांची तार आंब्यावर टांगून झाली. खैरमाळ गप्प! पाडा होताच तसा, ओंजळीच्या तळाशी असल्यासारखा. रुपली दारात बसून सगळं बघत होती. मग ती उठून आत गेली, आणि तेरसिंगला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उंचावरून आवाज लागतो का ते बघायला, ते डोंगराच्या वरच्या धारेकडे निघाले. उन्हं कोवळी होती. अंजनाच्या झाडांतून वानरं उड्या मारत होती, खाली अनेरच्या खोऱ्यावर धुकं अजून रेंगाळत होतं, आणि वाळलेल्या गवताचा वास सगळीकडे भरून राहिला होता. नाना मजेत होते. दांडी लावलेला संच त्यांनी हट्टाने स्वतःकडे घेतला होता आणि दर शंभर पावलांवर ते "हॅलो खैरमाळ" म्हणत होते.

धारेखाली एक कडा आडवा येतो. त्याच्या पोटातून वाट जाते, जेमतेम एका माणसाची. डाव्या हाताला दगड, उजव्या हाताला काही नाही.

"नाना, दांडी मिटाडी ल्या," तेरसिंग पुढून ओरडला.

नानांनी दांडीला हात घातला, तोवर तिचं टोक खैराच्या फांदीत अडकलं. त्यांनी हिसका दिला. पायाखालची खडी सरकली. आणि नाना दिसेनासे झाले!

"नाना!"

दगड गडगडत गेले. मग शांतता. सपना जमिनीवर पालथी पडून खाली वाकली. आठ-दहा फुटांवर एका पायरीसारख्या दगडावर नाना बसले होते. चेहरा पांढराफटक. खांद्यावरच्या पिशवीतला संच शाबूत होता, दांडीचे मात्र दोन तुकडे झाले होते.

"हलू नका!" तेरसिंगने कमरेचा दोर सोडला, एक टोक खैराच्या बुंध्याला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला धरून उतरला. त्याने नानांच्या काखेतून दोर घेतला. सपनाने वरून ओढलं. तळहात सोलले. एक हिसका, दुसरा, तिसरा! नाना वर आले आणि आडवे झाले. उजवा घोटा बघता बघता वांग्याएवढा सुजला.

सपनाने रंगीत संच लावला. खरखर. विटेसारख्या संचाला तार जोडून ती हाताने उंच धरली. खरखर. मधे धार होतीच.

"उघडं, खैरमाळकडे म्हणजे दक्षिणेला तोंड असलेलं ठिकाण कुठे आहे? उंच झाडही हवं."

तेरसिंगने पलीकडे पुढे आलेल्या डोंगराच्या सोंडेकडे पाहिलं. तिथे एक झोपडी, तुरीचं शेत आणि शेताच्या कडेला उंच सालईचं झाड उभं होतं. तिथून थेट खैरमाळची पाण्याची टाकी दिसते, हे त्याला माहीत होतं. पण त्याने नजर तिथून काढून घेतली.

"तिथे कोण राहतं, भाऊ?"

"झुलाल," तो शेवटी म्हणाला. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून दोघांचं बिनसलं होतं. सहा वर्षांत एक शब्द नव्हता. समोरून झुलाल आला की तेरसिंग वाट बदलायचा.

नाना कण्हले. तेरसिंगने खाली बसून पाठ पुढे केली. "बसा, नाना. गळाले हात घाला."

अर्धा तास तो नानांना पाठीवर घेऊन चालला. दोनदा टेकला, तिसऱ्यांदा टेकावंसं वाटलं तरी टेकला नाही. झुलाल तूर कापत होता. त्याने मान वर केली आणि विळा हातात तसाच धरून उभा राहिला.

"झुलाल," तेरसिंग धापा टाकत म्हणाला, "तुना सालईवर तार बांधनी शे. यास्ना पाय मोडना वाटस."

झुलालने नानांकडे पाहिलं, मग सपनाच्या सोललेल्या हातांकडे. तेरसिंग झाडाकडे वळला, तसा तो म्हणाला, "तू नको चढू. कोणती फांदी सोसी ते माले ठाऊक शे."

तो सरसर चढला. सपना खालून सांगत होती, "पानांपासून दूर! सरळ सोडा! अजून वर!" वरच्या फांदीवरून तार खाली लोंबू लागली. तिचं खालचं टोक सपनाने संचात बसवलं, तेवढीच दुसरी तार संचाच्या अंगाला लावून जमिनीवर पसरली आणि बटण दाबलं.

"खैरमाळ, खैरमाळ! ममता सिस्टर!"

खरखर. झुलाल फांदीवरून बघत होता.

"...सपना? अगं किती स्वच्छ! कुठून बोलतेस?"

सपनाने संच नानांकडे सरकवला. नानांनी पडल्या पडल्या संच हातात घेतला. "सिस्टर, मी बन्सीलाल बोलतोय. पाय गेलाय, आवाज शाबूत आहे. गाडी पाठवा!"

झुलालने घोंगडी आणली, बांबू आणला, झोळी केली. पुढचा दांडा त्याने घेतला, मागचा तेरसिंगने. उतार लांब होता. "आठे दगड शे," "डावीकडून ये," एवढंच दोघांचं बोलणं, पण पावलं जुळली होती.

सडकेच्या टोकाशी येताच तेरसिंगने सवयीने झोळी टेकायला सावली शोधली. मग त्याने समोर पाहिलं. रुग्णवाहिका आधीच उभी होती! मागचं दार उघडं, स्ट्रेचर काढून ठेवलेलं, आणि ड्रायव्हरचा चहासुद्धा पिऊन झालेला.

गाडीसोबत आलेल्या ममताने घोट्याला पट्टी बांधली. हाड मोडलेलं नव्हतं बहुतेक. एक्स-रेचा फोटो काढायला चोपड्याला न्यायचं ठरलं. सपनाने रंगीत संच दुकानदाराला परत करायच्या पिशवीत घातला आणि विटेसारखा संच तारेसकट बाहेर ठेवला.

"हाच," ती म्हणाली. "पण पाड्यात याचा उपयोग नाही. सोंडेवरूनच बोलावं लागेल."

ममताने वही उघडली. "मग संच कोणाच्या घरी म्हणून लिहू? तेरसिंगभाऊ, तुमच्याच?"

तो संच आपल्या घरात, रुपलीच्या उशाशी असेल, असं किती दिवस तेरसिंगच्या मनात होतं. त्याने तारेचं वेटोळं नीट गुंडाळलं, संच उचलला आणि झुलालच्या हातात दिला.

"झुलालना घर," तो म्हणाला. "लिखी ल्या, सिस्टर."

झुलालने संच दोन्ही हातांत धरला. तो उलटसुलट करून पाहत त्याने विचारलं, "बटन कोणतं दाबानं, दखाड बरं एक डाव."